‘आक्का, माझी घे’ म्हणणाऱ्या बहिणीविषयी

ताई, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात मराठी शाळेत शिक्षिका आहे. वय ३९. यांचं वय ४४, खत-बियाण्यांचं दुकान आहे. लग्नाला बारा वर्षं झाली. लग्न झालं त्याच वर्षी दोन्ही बाजूंच्या अंडाशयांत चॉकलेट सिस्ट, म्हणजे रक्ताच्या गाठी, निघाल्या, ऑपरेशन झालं. पुढं दिवस राहिलेच नाहीत. बेळगावात दोनदा टेस्ट ट्यूब केलं. पहिल्यांदा दोन बीजं मिळाली, दुसऱ्यांदा एकच, आणि गर्भ धरला नाही. बीजं किती उरलीत ते सांगणारी एएमएचची रक्ततपासणी ०.३ आली, म्हणजे फारच कमी. यांचे रिपोर्ट चांगले आहेत. डॉक्टर म्हणतात, आता दुसऱ्या बाईचं बीज घ्या.

माझी धाकटी बहीण ३० वर्षांची, पुण्याला नोकरीत आहे, लग्न व्हायचंय. तिलाही गेल्या वर्षी एका बाजूला चॉकलेट सिस्ट दिसली. मी फोनवर रडत होते तेव्हा म्हणाली, ‘आक्का, माझी घे.’ आईला तर देव पावल्यासारखं झालं. म्हणते, घरचं रक्त घरात राहील. गावातली एक ओळखीची बाई म्हणते, वडगावला मागावर काम करणारी एक पोरगी आहे, पैसे दिले तर देईल. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नाही, त्यांनी सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोललाय. मैत्रीण म्हणते, उरलेली तुझीच बीजं फ्रीज करून ठेव. हे म्हणतात, तू ठरव. रात्री मला एकच वाटत राहतं, ते मूल यांचं असेल, माझं नसेल. उद्या भांडणात एकदा जरी तसं बोलले, तर? काय करू?

एक वाचक, खानापूर तालुका

*

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुमच्यावरून नजर हलली आणि तुमच्या बहिणीवर जाऊन थांबली. ‘तिलाही गेल्या वर्षी चॉकलेट सिस्ट दिसली’ हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. मला विचाराल तर अख्ख्या पत्रात सगळ्यांत घाईची गोष्ट तीच आहे. तुम्ही ठरवायला चार महिने घेतलेत तरी बिघडत नाही. तिच्याकडे किती वेळ आहे, हे मात्र अजून कुणी पाहिलेलंच नाही.

म्हणून आधी उत्तर देते, कारणं मागून. बहिणीचं बीज घेऊ नका. ते तिच्यासाठी राहू द्या, आणि तिला लवकरात लवकर डॉक्टरकडे पाठवा, स्वतःची बीजं साठवून ठेवता येतील का हे विचारायला. तुम्हाला दुसऱ्या बाईचं बीज घ्यायचं असेल तर ते नोंदणी असलेल्या स्त्रीबीज बँकेमार्फत, अनोळखी बाईचं घ्या. आणि मूल तुमचंच असेल. यावर खाली सविस्तर लिहिते, कारण तुमची झोप त्यानं उडवलीय.

मी वीसेक वर्षं वंध्यत्वाच्या रुग्णांशी बोलण्याचं काम केलंय. तपासणीच्या खोलीतून बाहेर आलेली बाई माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायची आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असायचं, ‘माझंच काहीतरी चुकलं असणार.’ तुम्ही ते शब्दांत लिहिलं नाहीत, पण पत्रभर ते जाणवतं. तेव्हा आधी हे नीट समजून घ्या.

गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर काही बायकांच्या अंडाशयात वाढतं. दर पाळीला तिथंही रक्त सुटतं, बाहेर पडायला वाट नसते, साठून साठून ते घट्ट, तपकिरी होतं. म्हणून चॉकलेट सिस्ट हे नाव. ही गाठ आजूबाजूच्या बीजांना मारत जाते. ऑपरेशन करून गाठ सोलून काढताना तिला चिकटलेला अंडाशयाचा चांगला भागही थोडाफार निघून येतो, हात कितीही कुशल असला तरी. तुमचं ऑपरेशन दोन्ही बाजूंना झालं. साठा उतरला तो त्यामुळं. उपास मोडल्यानं नाही, उशिरा लग्न केल्यानं नाही, शाळेत दिवसभर उभं राहिल्यानं तर मुळीच नाही.

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयात साधारण दहा ते वीस लाख बीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात त्यातली जेमतेम चारशे पिकतात, बाकीची आपोआप गळून जातात. नवीन एकही तयार होत नाही. पस्तिशीनंतर हा उतार तीव्र होतो आणि उरलेल्या बीजांचा कसही कमी होतो. तुमच्या बाबतीत वय आणि ऑपरेशन दोन्ही एकत्र आले.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याचं. तिनं मायेनं सांगितलं, पण तो तुमच्या कामाचा नाही. फ्रीजमध्ये ठेवलेली मेथीची जुडी आहे तशी राहते, पुन्हा शेतातून आल्यासारखी होत नाही. बीज ज्या वयात काढलं त्या वयाचं राहतं. ३९ व्या वर्षी, एएमएच ०.३ असताना, एक-दोन बीजं काढून ठेवण्यात पैसे आणि शरीर दोन्ही खर्ची पडेल, हाती फारसं लागणार नाही. तुम्हाला हा सल्ला उपयोगी पडला असता तो सत्ताविसाव्या वर्षी, ऑपरेशन टेबलवर जायच्या आधी. पण स्त्रीबीज गोठवण्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का अमेरिकेतल्या प्रजनन-वैद्यकांच्या संघटनेनं काढला तोच मुळी २०१२ साली. तुमच्या ऑपरेशनच्या काळात खानापुरात कुणी ही गोष्ट तुमच्या कानावर घालणं अवघडच होतं. त्याची हळहळ मला वाटते, पण दोष कुणाला द्यायचा?

बहिणीच्या वेळी मात्र आपल्याला माहीत आहे. हा आजार सख्ख्या बहिणींमध्ये जास्त आढळतो, आणि तिच्याकडं तो आलेलाच आहे. ती आज तिथं उभी आहे जिथं तुम्ही बारा वर्षांपूर्वी होतात, फक्त तिच्या अंडाशयाला अजून सुरी लागलेली नाही. तिला सांगा, एएमएचची रक्ततपासणी करून घे, आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत अंडाशयात बीजांच्या किती बारीक पिशव्या दिसतात ते मोजून घे. एएमएच बीजं किती उरली याचा अंदाज देतं, ती चांगली आहेत की नाहीत हे सांगत नाही. आणि कुणी ‘गाठ काढून टाकू’ म्हणालं तर आधी वंध्यत्वाच्या डॉक्टरचं मत घे, मगच सही कर. गाठीचा आकार, दुखणं, वय हे सगळं पाहून कधी ऑपरेशन लागतंच. पण बीजं आधी काढायची की गाठ आधी, हा प्रश्न टेबलवर जायच्या आधी विचारायचा असतो.

बीजं साठवायची ठरली तर साधारण दहा-बारा दिवस पोटावर रोज सुई घ्यावी लागते, मध्ये मध्ये सोनोग्राफी होते. बीजं पिकली की शेवटची एक सुई ठरल्या वेळी, घड्याळ लावून घ्यायची. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी थोडी भूल देऊन बीजं बाहेर काढतात. वीस मिनिटांचं काम, संध्याकाळी घरी. मग ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. पोट फुगणं, मळमळ हे होतंच. क्वचित अंडाशय फार सुजतात. पोट टम्म होऊन श्वासाला त्रास झाला, लघवी कमी झाली, तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा, सकाळची वाट पाहायची नाही.

एक गोष्ट तुमच्या आईपाशी कुणी बोलणार नाही, म्हणून इथंच लिहिते. बीजं काढण्याची सुई योनीमार्गातून जाते. लग्न न झालेल्या मुलीच्या घरी इथंच सगळं अडतं. पुढं स्थळ आलं की काय सांगायचं, हा प्रश्न आया मला कुजबुजत विचारायच्या. मी सांगायचे, तिच्यावर एका आजाराचा उपचार होतोय एवढंच खरं आहे आणि तेवढंच पुरेसं आहे. आपल्या कायद्यात एकट्या बाईलाही हे उपचार घेता येतात, त्यासाठी नवरा लागत नाही, वडिलांची सही लागत नाही.

मात्र तिला खोटी आशाही दाखवू नका. गोठवलेली सगळी बीजं पुन्हा उमलत नाहीत, उमललेल्या सगळ्यांचा गर्भ होत नाही. म्हणून डॉक्टर दहा-पंधरा बीजं साठवायला बघतात, आणि गाठ असलेल्या अंडाशयातून तेवढी मिळायला एकाहून जास्त फेऱ्या लागू शकतात. खर्च एका फेरीलाच लाखाच्या घरात जातो, वर साठवणुकीचं दरवर्षीचं भाडं. पुढं लग्न होऊन सहज दिवस राहिले, तर ती बीजं लागणारही नाहीत. असा आजार असून आपोआप आई झालेल्या बायका मी पाहिल्यात. तरी तिच्या जागी माझी मुलगी असती तर मी तिला घेऊन गेले असते.

आता सांगा, अशा मुलीकडून तुम्ही बीज कसं घ्यायचं? सुया घेऊन बीजं काढली म्हणून साठा लवकर आटतो असं नाही, त्या महिन्यात गळून जाणारीच बीजं औषधानं वाढतात. पण तिच्या अंडाशयाचा प्रत्येक महिना मोलाचा आहे, आणि पहिला चांगला हंगाम तिच्या स्वतःच्या कणगीत जायला हवा.

कायद्याची वाटही वेगळी आहे. २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला. दात्या बाईची तपासणी करणं, ती उपलब्ध करून देणं, हे काम त्यानं फक्त नोंदणी असलेल्या बँकांकडं सोपवलंय. ‘ही माझी बहीण, हिचं घ्या’ म्हणत दवाखान्यात जाऊन बसावं अशी त्याची रचना नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी मनाचं काय? समजा तुमच्या घरी तिच्या बीजाचं मूल आलं. चार-पाच वर्षांनी तिचं लग्न झालं, तिला दिवस राहिले नाहीत. दर गणपतीला ती माहेरी येईल, तुमच्या अंगणात तिच्याच चेहऱ्याचं पोर खेळत असेल आणि तिची ओटी रिकामी असेल. तेव्हा तुम्ही दोघी एकमेकींकडं कशा बघाल? ती ‘माझी घे’ म्हणाली ते खरंच म्हणाली, मला शंका नाही. आपल्याकडं धाकटी बहीण आक्काला नाही म्हणतच नाही. म्हणूनच नाही म्हणायचं काम आक्कानं करायचं असतं. तुमच्या आईचंही मी समजू शकते. एकीच्या दुःखावर दुसरीचा हात फिरवून दोघींना सावरायची तिची धडपड आहे. पण तिला हे सांगावंच लागेल की तुमच्या दुःखात बुडून धाकटीचा आजार घरात कुणालाच दिसलेला नाही.

वडगावच्या त्या पोरीबद्दल. ही गोष्ट इथंच थांबवा, त्या ओळखीच्या बाईला स्पष्ट नाही सांगा. बीज विकणं-विकत घेणं, त्यात मध्यस्थी करणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ५ ते १० लाख रुपये दंड, पुन्हा केला तर ३ ते ८ वर्षं कैद. पण दंडाच्या भीतीपेक्षा मला ती पोरगी दिसते. मागावर दिवसभर उभी राहणारी, हप्ते थकलेली. तिला कोण सुया देणार, कुठं भूल देणार, रात्री पोट फुगलं तर ती कुणाला फोन करणार? २०२२ साली तामिळनाडूत ईरोडला एक प्रकरण उघडकीला आलं. सोळा वर्षांच्या मुलीचं वय आधार कार्डावर वाढवून तिची बीजं पुन्हा पुन्हा काढली गेली होती. त्याचीही सुरुवात अशाच कुणाच्या तरी ओळखीच्या बाईनं झाली असेल. कायद्यानं दात्याचं वय २३ ते ३५ ठरवलंय, आयुष्यात एकदाच आणि सातपेक्षा जास्त बीजं नाहीत अशी मर्यादा घातलीय, आणि तिच्या नावानं बारा महिन्यांचा विमा तुम्ही काढायचा असतो. ही बंधनं तुमच्या वाटेतला अडथळा वाटतील. जिच्या बीजातून तुमचं लेकरू येणार, तिच्या जिवाला एवढं संरक्षण आहे याचं मला तरी समाधान वाटतं. एका दात्याचं बीज एकाच जोडप्याला देता येतं, हेही लक्षात असू द्या. आणि सातातून सगळ्यांचे गर्भ होत नाहीत, दोन-तीन चांगले झाले तरी पुष्कळ. उरलेले गर्भ दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवता येतात.

आता तुमच्या रात्रीच्या प्रश्नाकडं येते.

तुम्ही भाताच्या मुलखातल्या आहात. एखाद्या वर्षी पावसानं दगा दिला, आपला तरवा, म्हणजे भाताची रोपं, कुजला, तर काय करतात? शेजारच्या गावातून तरवा आणतात, आपल्या चिखलात लावतात. सुगीला ते भात कुणाचं? रास खळ्यावर लागते तेव्हा कुणी म्हणतं का, हे तरवा दिला त्यांचं? माझ्या माहेरी हे झालेलं आहे, आणि माझ्या आजीनं त्या वर्षीचं पहिलं नवं देवाला दाखवताना कुणाची परवानगी घेतली नव्हती.

तरी ही उपमा तुम्हाला एका जागी बोचेल, हे मला कळतं. बाई म्हणजे शेत आणि बीज पुरुषाचं, हे आपल्याकडं हजारो वर्षं बोललं गेलं. सस्तन प्राण्यांच्या मादीचंही स्वतःचं बीज असतं हे शास्त्रज्ञांना प्रत्यक्ष दिसलं ते १८२७ साली. एवढ्या उशिरा मिळालेला तो हक्क, आणि नेमकं तुमच्याच वाट्याला पुन्हा नुसतं शेत होणं आलं, असं तुम्हाला वाटत असणार. ते दुःख खरं आहे. तुमच्या आईचे डोळे, तुमच्या वडिलांचे कुरळे केस बाळात येणार नाहीत. त्याचं रडू येईल तर येऊ द्या. दात्याचं बीज घ्यायच्या आधी काही आठवडे त्या न आलेल्या बाळासाठी राखून ठेवा. जे जोडपं दुसऱ्याच दिवशी सुया सुरू करतं, त्यांच्यातली बाई पुढं बाळंतपणानंतर कोसळताना मी पाहिलीय.

पण नुसतं शेत तुम्ही असणार नाही. बीज तिळाएवढंही नसतं, नुसत्या डोळ्यांना जेमतेम टिंब दिसेल एवढं. तिथून तीन किलोचं बाळ होईपर्यंत त्याची हाडं तुमच्या अन्नातून, त्याचा श्वास तुमच्या रक्तातून येतो. वार तुमच्या पिशवीत रुजते, पान्हा तुम्हाला फुटतो. कायदाही शंकेला जागा ठेवत नाही, ते मूल तुम्हा दोघांचं जैविक मूलच मानलं जातं, वारसा हक्कासकट, आणि दात्याचा त्याच्यावर कसलाही अधिकार राहत नाही. ही काही कालपरवाची गोष्टही नाही. डॉ. इंदिरा हिंदुजांनी दात्याच्या बीजातून देशातलं पहिलं बाळ जन्माला आणलं ते जानेवारी १९९१ मध्ये. ते बाळ आज तिशी ओलांडून गेलंय.

निपाणीकडची एक बाई आठवते. तंबाखूच्या वखारीत तिचे सासरे मुकादम होते. दात्याच्या बीजातून मुलगी झाली. बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, ‘ताई, पहिले तीन दिवस मी तिचं नाक बघत होते. कुणाचं असेल, कुणाचं असेल. चौथ्या दिवशी कावीळ वाढली म्हणून तिला निळ्या दिव्याखाली ठेवली. डोळ्यांवर पट्टी, रडून रडून आवाज बसलेला. नर्स कानडीत सांगत होती, हेदरब्याडरी अक्का, म्हणजे घाबरू नका अक्का, पण माझ्या छातीतून दूध गळत होतं आणि मी काचेला हात लावून उभी होते. नाकाची आठवण मला परत झाली ती थेट बारशाला, तेही सासूबाईंनी काढलं म्हणून.’ सासूबाई म्हणाल्या होत्या, नाक अगदी हिच्यावर गेलंय.

यजमानांचं काय? ‘तू ठरव’ हे ऐकायला समजूतदार वाटतं, पण या कामात ते पुरेसं नाही. त्यांना भीती असेल की काही बोललो तर तुम्ही दुखावाल. तुम्हाला भीती की विचारलं तर नको ते ऐकावं लागेल. दोघं आपापल्या कुशीवर जागे असता, अशी माझी कल्पना आहे. भांडणात ते काय बोलतील याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा शांतपणी एकदा विचारा. दुकान बंद असेल त्या दिवशी, घराबाहेर कुठंतरी, हलशीच्या देवळात जा, मलप्रभेच्या घाटावर बसा. सरळ शब्दांत सांगा, ‘हे मूल माझं नाही असं तुमच्या तोंडून एकदाही आलं तर मला सोसणार नाही. तुमच्या मनात तसं थोडं जरी असेल तर आत्ता सांगा, आपण थांबू.’ आणि मग त्यांना बोलू द्या, मध्ये तोडू नका. कदाचित तेही तुमच्याबरोबर त्या न आलेल्या बाळासाठी रडतील. ते गप्पच राहिले, विषय टाळला, तर दवाखान्यातल्या समुपदेशकासमोर दोघांनी बसल्याशिवाय पुढचा हप्ता भरू नका. या बाबतीत मी हटवादी आहे.

सासूबाईंना सांगायलाच हवं असं मला वाटत नाही. त्यांनी नवस बोललाय, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग. बाळ झालं की डोंगरावर जाऊन फेडून या, त्यात खोटं काही नाही. गावाला तर बिलकूल सांगायला नको. मुलाचं वेगळं आहे. त्याला सांगायचं. मोठं झाल्यावर एक दिवस खोलीत बोलावून नव्हे, तीन-चार वर्षांचं असल्यापासून, गोष्टीसारखं. ‘आईच्या पोटात बी नव्हतं, एका भल्या बाईनं दिलं, मग तू आलास.’ तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला शिकवायला नको की पोरं रक्तगटाचा धडा शिकतात आणि घरी येऊन आई-बापाचा गट विचारतात. तुमच्या आईला, बहिणीला, डॉक्टरला ठाऊक असलेली गोष्ट त्याला सर्वांत शेवटी कुणा परक्याकडून कळावी, हे मला सहन होत नाही. अनेक जोडपी याच्या उलट ठरवतात, त्यांच्याशी मी भांडत नाही. पण तुम्ही मला विचारलंत.

दवाखान्याचं थोडक्यात. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब, करण्याची नोंदणी असलेलाच दवाखाना आहे ना, ते प्रमाणपत्र बघायला मागा, ते भिंतीवर लावलेलं असायला हवं. संमतिपत्रं बेळगावात बहुतेक इंग्रजीत किंवा कानडीत असतात. प्रत्येक पान मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि यात लाजायचं काही नाही, कळून केलेली सही हीच संमती. दात्याची एचआयव्ही, काविळीचे विषाणू, थॅलेसेमिया अशा तपासण्यांबद्दल विचारा. मुलगा की मुलगी याबद्दल कुणी सूचक बोललं तर त्या दवाखान्यातून उठून या. तुमचं स्वतःचं बीपी, साखर, थायरॉइड तपासा. दात्याच्या बीजाच्या गरोदरपणात बीपी वाढण्याचं प्रमाण जास्त असतं, शिवाय तुम्ही चाळिशीला आलात, म्हणून एका वेळी एकच गर्भ सोडायला सांगा. जुळ्यांची हौस नको. तरुण बाईच्या बीजानं तुमची शक्यता कितीतरी वाढते हे खरं, तरी पहिल्याच वेळी होईल असं धरून चालू नका. आयुष्मान कार्डावर हा उपचार बसत नाही. तेव्हा किती रकमेला आणि किती वेळा थांबायचं, हा आकडा दोघांनी आत्ताच कागदावर लिहा. शेत विकायचा विषय निघायच्या आधी.

दत्तकाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक हिशेब सांगून ठेवते. दोन वर्षांच्या आतलं मूल दत्तक घेताना पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही. तुमची आज ८३ आहे आणि दरवर्षी ती दोननं वाढणार. मनात कुठं तो विचार असेल तर बाकी उपचार चालू ठेवूनही नोंदणीची चौकशी यंदाच करा.

पण हे सगळं नंतर. आज संध्याकाळी शाळा सुटली की आधी बहिणीला फोन लावा. तिला सांगा, ‘तू देते म्हणालीस, त्यातच मला सगळं मिळालं. आता माझं ऐक, या पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीची वेळ घे. मी रजा टाकून पुण्याला येते.’ आणि खरंच जा. मागच्या वेळी तुमच्याबरोबर त्या खोलीत कोण होतं, मला माहीत नाही. तिच्याबरोबर तुम्ही असा. तिचा रिपोर्ट आला की मला लिहा, त्यातले आकडे समजले नाहीत तरी जसेच्या तसे उतरवून पाठवा.